शेवट बदलू नकोस, पण कथा आधी आईला वाचून दाखव

पत्र

ताई, मी बीड जिल्ह्यात एका वस्तीवर राहते. आता नववीत आहे. माझे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात. सातवीपर्यंत मी पण सोबत जायचे. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मागे राहिले, आजी आणि दोन लहान भावंडांजवळ. त्यावर मी एक कथा लिहिली आहे, सोबत पाठवते.

कथेतल्या मुलीचं नाव मंदा आहे. तिच्या धाकट्या भावाला ताप येतो. रात्री आईचा फोन येतो तेव्हा मंदा सांगते, सगळे बरे आहेत. उन्हाळ्यात आई परत येते. भाऊ बोलता बोलता तापाचं सांगून टाकतो आणि आई मंदाकडे बघते. तिथे कथा संपते.

आमच्या मराठीच्या सरांनी कथा वाचली. म्हणाले, भाषा चांगली आहे, पण कथेत काही घडत नाही आणि शेवट अर्धवट आहे. मंदा शिकून अधिकारी होते आणि आईच्या हातातला कोयता सोडवते, असा शेवट केलास तर तालुक्याच्या स्पर्धेला पाठवू. माझा चुलतभाऊ म्हणाला, ही कथाच नाही, आपल्या घरचं रडगाणं आहे, लोक हसतील.

खरं सांगू का, ताप खरा आहे. फोन पण खरा आहे. पण आईला अजून माहीत नाही. शेवट मी मनानेच लिहिला. मग ही कथा आहे की नाही? शेवट बदलू का? आणि पाठवू का?

उत्तर

प्रिय मुली,

तुझं नाव, गाव, सरांचं आणि भावाचं नाव इथे छापलेलं नाही. पत्रातले काही तपशीलही बदलले आहेत. असं का केलं ते पुढे कळेल.

ही कथा आहे, आणि चांगली कथा आहे. ती कथा का आहे याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. ताप घडला, फोन घडला. आईचं ते बघणं मात्र घडलेलं नाही. ‘आईला कळलं तर काय होईल?’ हे तुझ्या मनात घर करून बसलं होतं. तू वही घेतलीस आणि ते पुढे नेऊन पाहिलंस. आईला घरी आणलंस, भावाच्या तोंडून ते वाक्य काढलंस आणि आई काय करेल ते शोधलंस. जे घडलं ते तसंच्या तसं उतरवलं असतंस तर ती डायरी झाली असती. तू त्याच्या पुढे गेलीस. तुझ्या वयाची पुष्कळ मुलं मला कथा पाठवतात. त्यातल्या बहुतेकांत वादळ येतं, अपघात होतो, कुणाला तरी बक्षीस मिळतं. इतक्या साध्या प्रश्नाचा इतका शेवटपर्यंत पाठलाग फार थोडे जण करतात.

आता सरांचं म्हणणं. ‘कथेत काही घडत नाही’ हे मला पटत नाही. तेरा वर्षांची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा आईला सांभाळून घेते. तोवर ताप आला तर आईला सांगायचं, भूक लागली तर आईला सांगायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या रात्री आईला काय सांगायचं नाही, हे ती ठरवते. यापेक्षा मोठं काय घडायला हवं? पण सरांना ते का दिसलं नाही, याचा विचार तू करायला हवास. कारण तो दोष त्यांच्या एकट्याच्या नजरेचा नाही. तू तो प्रसंग कसा लिहिला आहेस बघ: ‘धाकट्याला दोन दिवस ताप होता. मायचा फोन आला तेव्हा मंदा म्हणाली, समदे बरे हायेत.’ बस्स. दोन वाक्यांत तू तिथून पळून गेलीस. वाचणारा सावध व्हायच्या आत तू त्याला पुढच्या पानावर नेलंस.

ती घाई मला कळते. जिथे दुखतं तिथून लवकर निघावंसं वाटतंच. पण कथा लिहिताना स्वतःची घाई जिथे जाणवेल तिथे थांबायचं, कारण सांगण्यासारखं असतं ते बहुतेक वेळा तिथेच.

तिथे थांब आणि आठव. फोन कुणाचा होता? तुझ्या कथेत तो चुलत्याचा आहे आणि रेंज यावी म्हणून मंदा पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहते, हे तू दुसऱ्याच एका ठिकाणी लिहिलं आहेस. ते इथे आण. म्हणजे भाऊ घरात, आजीजवळ, अंगावर गोधडी घेऊन पडलेला, आणि मंदा बाहेर अंधारात. तिला तो दिसत नाही, तरीही ती ‘बरा हाय’ म्हणते. तिकडे माय कुठून बोलते आहे? ट्रक भरून झाल्यावर, कोपीत म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, की कुणाच्या तरी फोनवरून घाईघाईत? ती आधी काय विचारते? माझा अंदाज आहे की ‘लेकरं जेवली का?’ हेच असेल. त्याचं उत्तर मंदा खरं देते. मग दुसरा प्रश्न येतो आणि तिथे ती खोटं बोलते. खऱ्या उत्तराला लागूनच खोटं आलं की वाचणाऱ्याला ते लख्ख ऐकू येतं. मंदाच्या मनात काय कालवाकालव झाली ते सांगत बसू नकोस. ती काय बोलली, कुठे अडखळली, फोन ठेवल्यावर लगेच घरात गेली की तिथेच थांबली, एवढंच लिही. या दोन वाक्यांचं एक पूर्ण पान व्हायला हवं. दीड झालं तरी चालेल.

मात्र ते पान नीट उभं राहायचं असेल तर वाचणाऱ्याला एक गोष्ट आधीपासून माहीत हवी: मंदा खोटं का बोलते. तुला ते इतकं माहीत आहे की तू लिहिलंच नाहीस. लेकराला ताप आहे म्हटल्यावर माय गावाकडे निघाली असती. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस गेलं की दुसऱ्याचंही काम अडतं. खाडा पडतो, आणि पावसाळ्यात मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तेवढी फिटायची राहते. उरलेली पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. मंदाने कोप्यांवर इतके हंगाम काढले आहेत की हा हिशेब तिला कुणी शिकवावा लागला नाही. टाकीजवळच्या त्या क्षणी तिच्या डोक्यात हाच हिशेब आहे. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या वाचकाला तो आधी कळलेला नसेल तर त्याला मंदा उगीचच खोटं बोलते आहे असं वाटेल.

तो कसा कळवायचा? पहिल्या पाच पानांत तू जसा कळवला आहेस तसा नको. ‘ऊसतोड कामगारांचे जीवन अत्यंत कष्टाचे असते. ते पहाटे तीन वाजता उठतात.’ ही भाषा निबंधाची आहे. तुझी नाही. कोपी कशाची असते, उसाच्या शेंड्यांचं वाढं कुणाला विकतात, मोळी किती जड असते, माणसं कोणकोणत्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात कुठवर जातात, हे सगळं तू बाहेरच्या माणसाला समजावून सांगते आहेस. त्या पाच पानांत मंदा कुठेच नाही. अख्खी पानं काढून टाक. फाडू नकोस, त्यांचा उपयोग आहे, तो शेवटी सांगते.

आणि मग सातवं पान उघड. मुकादम अंगणात येतो, उचलीचं बोलणं होतं, आणि जाता जाता तो मंदाकडे बघून म्हणतो, ‘औंदा पोरगी बी हाताला आली की. अर्धा कोयता धरू तिचा.’ माय चुलीपाशी बसलेली. ती वर न बघता म्हणते, ‘ती साळंला जाती.’ हा प्रसंग वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तुझी कथा इथून सुरू होते. यात उचल आहे, कोयता आहे, मुकादम आहे, आणि माहिती देतोय असं कुठेही वाटत नाही. ‘एकाचा खाडा पडला तर काय’ हे बोलणंही इथेच, बा आणि मुकादमाच्या हिशेबात, एका वाक्यात येऊ शकतं. शिवाय मंदाचं मोठं होणं इथे दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतं. मुकादमाला ती हाताला आलेली दिसते, मायला ती शाळेत जाणारी दिसते. मंदाला स्वतःला काय वाटतं ते अजून तिलाच ठाऊक नाही. ते तिला टाकीजवळ कळणार आहे.

मंदा आठवीत आहे हे त्या प्रसंगात एखाद्या खुणेने येऊ दे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मंदा त्या हद्दीच्या अगदी काठावर उभी आहे. मुकादमाचं वाक्य दुसरीतल्या पोरीविषयी असतं तर सगळे हसले असते. आठवीतल्या मुलीविषयी ते सहज खपून जातं. तुमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालत असेल, मागे राहिलेली मुलं तिथे जेवत असतील, तर तेही येऊ दे. धाकटा एके संध्याकाळी तिथे जेवायला गेला नाही, यावरूनच ताप आलेला कळू शकतो.

आता शेवट. तो बदलू नकोस.

सरांवर रागावू नकोस. आपल्याकडे मुलांच्या कथेने काहीतरी शिकवलंच पाहिजे अशी सवय पडून गेली आहे. त्यांनी अनेक स्पर्धा पाहिल्या असतील, कोणत्या कथेला नंबर मिळतो हे त्यांना माहीत असेल. तुला बक्षीस मिळावं म्हणूनच ते सांगताहेत. पण मंदा अधिकारी झाली हे लिहायला तुला मधली दहा-पंधरा वर्षं गिळावी लागतील, आणि त्या वर्षांबद्दल तुला आज काहीच माहीत नाही. कुणालाच नाही. तुला तेरावं वर्ष माहीत आहे. ते इतक्या नेमकेपणाने माहीत असणारे लिहायच्या वयाला पोहोचतात तोवर बरंच विसरलेले असतात.

मला त्या सुचवलेल्या शेवटाविषयी आणखी एक तक्रार आहे आणि ती कथेपुरती नाही. आईच्या हातातला कोयता सोडवणं हे तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचं ओझं नाही. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं दर वर्षी ऊस तोडायला जातात. त्यामागे पाणी आहे, जमीन आहे, मजुरीचे दर आहेत, सरकार आहे, कारखाने आहेत. एका मुलीने खूप अभ्यास केला की सगळं सुटेल, असं सांगणारी कथा बाकी सगळ्यांना मोकळं सोडते. तू खूप शिकावंस असं मलाही मनापासून वाटतं. पण ते तुझ्यासाठी शिक. मंदाच्या डोक्यावर आधीच एक लेकरू, एक आजी आणि एक खोटं आहे. तेवढं पुरे.

तुझ्या शेवटात माय बोचक्याची गाठ सोडत असते. धाकटा म्हणतो, ‘मला लई ताप आल्ता, मंदीनं फडकं ठिवलं.’ माय गाठ सोडता सोडता थांबते आणि मंदाकडे बघते. यात काही कमी नाही. माय रागावली का, तिला वाईट वाटलं का, अभिमान वाटला का, हे वाचणाऱ्याच्या मनात चालू राहील. तुझ्या कथेचा विषयच तो आहे. फक्त त्यापुढचं एक वाक्य काढ: ‘त्या दिवशी मंदाला कळले की ती आता मोठी झाली आहे.’ हे तू सरांसाठी लिहिलंस, हो ना? भाषासुद्धा एकदम बदलली आहे. वाचणाऱ्याला ते कळून चुकलेलं आहे. वरून सांगितलंस तर त्याचा हिरमोड होतो.

बोलण्याचा विषय निघाला म्हणून भाषेचंही सांगते. काही ठिकाणी लाल पेनाने ‘माय’ खोडून ‘आई’ केलेलं आहे आणि ‘बरी हायस का’ चं ‘तू कशी आहेस’ झालं आहे. निवेदन तू प्रमाण भाषेत लिहिलंस ते ठीक आहे, पण माणसांच्या तोंडचं बोलणं जसं आहे तसंच परत आण. मंदाची माय ‘तू कशी आहेस’ म्हणणार नाही.

चुलतभावाच्या बोलण्यावर फार वेळ घालवू नकोस. लोक हसणार नाहीत. तुमच्या भागातला जो कुणी वाचेल त्याला आपलंच घर दिसेल. पण त्याच्या म्हणण्यात एक भीती आहे आणि ती रास्त आहे. आपल्या घरचं चारचौघांत जाऊ नये असं त्याला वाटतं. म्हणून ओळख पुसून टाक. मंदाला दोन भावंडांऐवजी एकच दे, चुलत्याचा फोन शेजारणीचा कर, वस्तीचं आणि कारखान्याचं नाव घालू नकोस. यातलं काहीही बदललं तरी कथेला धक्का लागत नाही.

ज्यासाठी तुला आज लिहायला बसले ते आता सांगते. तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, आईला अजून माहीत नाही. आईला ते कथेतून, स्पर्धेतून, सरांच्या कौतुकातून किंवा चुलतभावाच्या तोंडून कळता कामा नये. ते तिला तू सांगायचंस, आणि कथा कुठेही जायच्या आधी सांगायचंस.

आता पाऊसपाण्याचे दिवस आहेत, आई घरी आहे, हे बरं आहे. मोठी कबुली द्यायची असल्यासारखं समोर बसवून सांगू नकोस. खुरपताना, भांडी घासताना, दोघींचे हात कामात असताना सांग. आधी धाकटा बरा झाला हे सांग, मग ताप आला होता हे सांग, मग फोनवर का सांगितलं नाही ते सांग. आई कदाचित चिडेल. चिडू दे. कदाचित गप्प होईल. तेव्हा घाबरून लगेच दुसरा विषय काढू नकोस. तिला वाईट वाटेल म्हणून तू लपवलंस, पण ज्या घरातून अर्धं वर्ष लांब राहावं लागतं त्या घरात काय झालं हे कळण्याचा तिचा हक्क आहे. मग एखाद्या दिवशी कथा वाचून दाखव. पूर्ण, मोठ्याने. तिला वाचता येत असलं तरी तूच वाच.

ती म्हणाली, ‘नको पाठवू’, तर पाठवू नकोस. मी हे ठामपणे सांगते आहे. लिहिणं तुझं आहे, पण यातलं निम्मं आयुष्य तिचं आहे. कथा वहीत राहील, खराब होणार नाही. दोन वर्षांनी पुन्हा विचार. पण मला वाटतं ती नको म्हणणार नाही. कथेतली माय मुकादमाला ज्या आवाजात उत्तर देते, तो आवाज तू कुठेतरी ऐकलेला असणार.

आणखी एक, कथेबाहेरचं. येत्या हंगामात तू पुन्हा मागे राहशील. लेकराचा ताप तुझ्या वयाच्या मुलीने आणि म्हाताऱ्या आजीने दोघींनीच अंगावर काढायचा नाही. दसऱ्याच्या आधी आईबरोबर बसून ठरवा: ताप आला तर आधी कुणाला हाक मारायची. वस्तीवरच्या आशाताईंना आईने स्वतः सांगून ठेवावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणारं मोठं माणूस कोण, हे ठरलेलं असावं. रात्री-अपरात्री जास्त झालं तर १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. आणि मुलांवरच्या कुठल्याही अडचणीत, तुझ्या असो की मैत्रिणीच्या, १०९८ हा नंबर दिवसरात्र चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. हे नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव. फोन चुलत्याचा आहे, तेव्हा चुलतीलाही सांगून ठेव.

आता पाठवण्याचं. सरांकडे नवा खर्डा घेऊन जा. मुकादमाचा प्रसंग आधी आला आणि फोनचा प्रसंग नीट झाला की त्यांचं मत बदलू शकतं. पहिल्या वाचनात त्यांच्यापर्यंत जे पोचलं नाही ते कदाचित आता पोचेल. तरीही त्यांना स्पर्धेसाठी बोधच हवा असेल, तर काढून टाकलेली ती पाच पानं त्यांना दे. त्यांचा उत्तम निबंध होईल. कोपी, वाढं, मोळी, सगळी माहिती तुझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि निबंधात ती शोभेल. स्पर्धेला निबंध जाऊ दे, कथा तशीच राहू दे.

कथेसाठी ‘किशोर’ बघ. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते आहे. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. शाळेतल्या संगणकावर सरांना उघडून द्यायला सांग आणि आधी काही अंक वाच, म्हणजे तिथे किती लांबीच्या कथा येतात त्याचा अंदाज येईल. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच संपत आलेलं असतं, त्यामुळे यंदाच्या दिवाळीसाठी धावपळ करू नकोस. कुठेही पाठवलंस तरी मूळ वही हातातून सोडू नकोस. स्वच्छ नक्कल करून ती पाठव, आणि पाकिटात एक चिठ्ठी घाल की नाव छापायचं की नाही ते आधी विचारावं.

दुसरा खर्डा झाला की मलाही एक नक्कल पाठव. मी आधी टाकीजवळचं पान उघडेन.

तुझी,
ताई